लॅपटॉप माझा, किल्ली कंपनीची

(पोस्ट लांब आहे. घरात, दुकानात, शाळेत आठ-दहा वर्षं जुना लॅपटॉप पडून असेल त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.)

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद केले. तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या गावात एक वाक्य फार ऐकू येतंय, "त्याचं आयुष्य संपलंय, नवीन घ्या." सेतू केंद्रवाला म्हणतो, दुकानदार म्हणतो, शाळेतले सर म्हणतात. यंत्र सुरू होतंय, पडदा उजळतोय, कीबोर्डची बटणं शाबूत आहेत, पण आयुष्य संपलंय. हा मृत्यूचा दाखला नेमका कोण देतंय, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

विंडोज ११ साठी कंपनीने अट घातली की टीपीएम २.० ही सुरक्षा सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. म्हणजे २०१६ साली पन्नास-साठ हजार मोजून घेतलेला आय-सेव्हनही बाद. कॅनालिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज दिला होता की या प्रकारात जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात. २४ कोटी! आणि त्यातले बरेचसे फक्त यादीत नाव नाही म्हणून.

पण विंडोजचं एक वेळ सोडा. विंडोज पुसून लिनक्स टाकता येतं, फुकट आहे, जुन्या यंत्रावर चांगलं चालतं. मला बोलायचंय ते विंडोजच्याही खालच्या मजल्याबद्दल. तिथे कुलूप आहे, आणि त्या कुलपाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

तुम्ही पॉवरचं बटण दाबता, कंपनीचं चिन्ह येतं आणि मग विंडोज सुरू होतं. त्या मधल्या काही सेकंदांत जो प्रोग्रॅम चालतो त्याला फर्मवेअर म्हणतात. जुने लोक बायोस म्हणतात, तेच चालू द्या. मदरबोर्डवर नखाएवढी, बहुतेक वेळा आठ पायांची एक चिप असते, त्यात तो बसलेला असतो. रॅम किती आहे, प्रोसेसर कुठला आहे, कुठलं कार्ड लावलंय, हे सगळं तो आधी तपासतो आणि मगच पुढे जाऊ देतो. जो आधी उठतो त्याचं घरावर राज्य चालतं, तसंच.

माझा स्वतःचा लॅपटॉप २०१२ च्या पिढीचा. पुण्यात तापकीर गल्लीतून सेकंडहँड आणलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. बातम्या टाइप करणं, फोटो पाठवणं, तालुक्याच्या बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकणं, एवढंच माझं काम. वायफाय मात्र रडायचं. त्यातलं जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं, आणि आमच्या आळीत त्या पट्ट्यावर वीस घरांचे राउटर एकमेकांच्या उरावर बसलेत. म्हणून नवीन कार्ड घेतलं. त्याच मापाचं, त्याच खाचेत बसणारं, नामांकित बनावटीचं. दोन स्क्रू काढले, कार्ड बसवलं, बटण दाबलं. काळा पडदा आणि त्यावर संदेश: अनधिकृत नेटवर्क कार्ड आढळलं, बंद करा आणि काढून टाका.

अनधिकृत! माझ्या पैशाचा लॅपटॉप, माझ्या पैशाचं कार्ड, बिल खिशात. आणि मशीन मला सांगतंय की हे अनधिकृत आहे. कार्ड बिघडलेलं नव्हतं, खाचही बिघडलेली नव्हती. फर्मवेअरमध्ये एक यादी लिहून ठेवलेली असते, त्या यादीतल्या क्रमांकांचीच कार्डं चालतात. गंमत म्हणजे त्याच चिपचं, त्याच कारखान्यातलं कार्ड या लॅपटॉप कंपनीचा क्रमांक छापून विकलं असतं तर चाललं असतं. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला तर उत्तर मिळालं, "सर, या मॉडेलची सेवा बंद झाली आहे." सेवा बंद झाली, पण पहारा चालूच आहे.

या यादीला व्हाइटलिस्ट म्हणतात. लेनोवो आणि एचपी या दोघांच्याही जुन्या लॅपटॉपांत ती होती, हे जगजाहीर आहे. २०१२ च्या काही थिंकपॅडांत तर बॅटरीचीही अशीच तपासणी आहे, बाहेरची बॅटरी लावली तर चार्ज करायलाच नकार. कंपन्यांचं समर्थन असं की रेडिओ आणि अँटेनाची जोडी एकत्र प्रमाणित केलेली असते, दुसरं कार्ड लावलं तर अमेरिकेतले नियम मोडतील. ठीक आहे, नियम पाळा. मग खोक्यावर ठळक लिहा की यात दुसरं वायफाय कार्ड चालणार नाही. बॅटरीच्या बाबतीत कुठला रेडिओ आला, तेही सांगा.

आमच्या एसटी स्टँडसमोर एक मुलगा मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करतो. आयटीआय झालेला, पंचविशीतला. त्याला संदेश दाखवला तर हसला. "दादा, हे तर चिपमधलं आहे, काढता येतं. पण आधी बॅकअप, मग बाकी." त्याने मागचं झाकण उघडलं, चिपवर चिमटा लावला, आणि काही शे रुपयांच्या प्रोग्रॅमर नावाच्या डबीने आतला सगळा मजकूर दोनदा वाचून घेतला. दोन्ही प्रती अक्षर न् अक्षर जुळतात का ते पाहिलं, आणि मगच बदललेलं फर्मवेअर भरलं. (ज्यांना हात शिवशिवताहेत त्यांच्यासाठी: बाजारात मिळणारा स्वस्तातला काळा प्रोग्रॅमर डेटाच्या तारांवर पाच व्होल्ट सोडतो आणि या चिपा ३.३ व्होल्टच्या असतात. माहितगार माणसाकडून करून घ्या. मधेच वीज गेली किंवा चिमटा सरकला तर लॅपटॉपची वीट होते. बॅकअप असेल तर विटेचा परत लॅपटॉप होतो.) पाऊण तासात काम झालं. तेच कार्ड, तीच खाच, आणि वायफाय पळायला लागलं.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण यूट्यूबवर या विषयात फार थापा चालतात. नुसतं फर्मवेअर बदलून जुनं मशीन रॉकेट होत नाही. वेग येतो तो मुख्यतः जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवल्याने आणि रॅम वाढवल्याने. फर्मवेअरचं काम वेगळं आहे, ते दारं उघडतं. थिंकपॅडच्या एक्स२३० आणि टी४३० या २०१२ च्या मॉडेलांसाठी हौशी लोकांनी वन-व्हायरेन नावाची सोय केली. तिने वायफायची यादी निघून जाते, दडवलेले मेनू उघडतात, रॅम तिच्या खऱ्या वेगाने चालवता येते. मूळच्या फर्मवेअरचा ठरावीक आवृत्तीपर्यंतचा बायोस असेल तर चिमटाही लावावा लागत नाही. दुसरा रस्ता कोअरबूटचा, म्हणजे कंपनीचं फर्मवेअर काढून खुल्या पद्धतीने लिहिलेलं बसवायचं. तो प्रकल्प १९९९ साली अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस या नावाने सुरू केला, २००८ पासून त्याचं नाव कोअरबूट. हे काही चोरांचं हत्यार नाही. गुगलची क्रोमबुकं कारखान्यातूनच कोअरबूट घेऊन बाहेर पडतात. मोठ्या कंपनीने केलं की नवकल्पना, आणि स्टँडसमोरच्या पोराने केलं की जुगाड, एवढाच फरक.

खरी ठेच लागते ती यापुढे. हे सगळं जमतं ते २०१२ च्या मशीनवर. २०१३ मध्ये इंटेलने चौथ्या पिढीबरोबर बूट गार्ड आणलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ते चालू केलं की तिच्या किल्लीचा ठसा चिपमध्ये कायमचा जाळून टाकला जातो. कायमचा म्हणजे खरंच कायमचा, एकदा जळालेला फ्यूज परत जुळत नाही. त्यानंतर त्या किल्लीने सही केलेलं फर्मवेअर असेल तरच मशीन उठतं. तुम्ही मालक असा नाहीतर मालकाचे बाप असा.

परिणाम काय झाला पाहा. बारा-तेरा वर्षांचा जुना लॅपटॉप आज जास्त मोकळा आहे आणि सात-आठ वर्षांचा जास्त बांधलेला. त्या बांधलेल्याला कंपनीने अपडेट देणं बंद केलं तरी किल्ली कंपनीच्याच तिजोरीत. २०२४ च्या अखेरीस थिंकपॅड टी४८० वर लिब्रेबूट चालायला लागलं, तेव्हा या विषयातल्या लोकांनी आनंद साजरा केला. ते शक्य कशामुळे झालं? इंटेलच्या त्या काळच्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये २०१७ साली सापडलेल्या एका सुरक्षेच्या भोकामुळे. म्हणजे मालकाला स्वतःच्या घरात शिरायचं तर चोराने पाडलेल्या भगदाडातून शिरायचं. आणि आपण याला तंत्रज्ञानाची प्रगती म्हणतो.

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही, हे मला मान्य आहे. फर्मवेअरमध्ये शिरणारे व्हायरस असतात. २०१८ मध्ये ईसेट या कंपनीने लोजॅक्स उघडकीला आणला, तो तसाच होता. डिस्क पुसली तरी जात नव्हता. बँकेच्या, पोलिसांच्या, तहसीलच्या संगणकावर कुलूप असायलाच हवं. पण कुलूप असणं आणि किल्ली मालकाला न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरं, ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत ते त्या कशा सांभाळतात? जुलै २०२४ मध्ये बायनार्ली नावाच्या संस्थेने दाखवून दिलं की नामांकित कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांत सिक्युअर बूटसाठी चाचणीची किल्लीच भरून विकलेली आहे. तिच्या नावातच लिहिलं होतं, डू नॉट ट्रस्ट. विश्वास ठेवू नका! आणि ती किल्ली आधीच इंटरनेटवर फुटली होती. हे लोक आम्हाला शिकवणार की आमच्या लॅपटॉपची चिप आमच्या हाती सुरक्षित नाही.

कायद्याचं बघू. मी वकील नाही, पण वीस वर्षं कोर्टाच्या बातम्या करतोय, कलम वाचता येतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रॅमबद्दल सवलती आहेत. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला त्या कामासाठी त्याची प्रत किंवा त्यात फेरफार करता येतो, बॅकअप ठेवता येतो. दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहितीही काढता येते. २०१२ च्या दुरुस्तीने ६५ अ हे कलम आलं, त्यात तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण केव्हा? हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. स्वतःच्या लॅपटॉपला स्वतःचं वायफाय कार्ड लावणं यात कुणाचा हक्क भंगतो ते मला दाखवा. कंपनीचं फर्मवेअर बदलून पेनड्राइव्हवर विकायला बसलं तर गोष्ट वेगळी, त्याचं समर्थन मी करत नाही. म्हणजे कायदा बऱ्यापैकी आपल्या बाजूने आहे. मात्र जाळलेल्या फ्यूजपुढे कलम ५२ चा उपयोग शून्य. करण्याची मुभा कागदावर, आणि करण्याची वाट सिलिकॉनमध्ये बुजवलेली.

"दुरुस्तीचा हक्क" हे शब्द सरकारने उच्चारले आहेत, नाही असं नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती वापराच्या वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. त्या चार नावांत लॅपटॉप शोधून सापडत नाही. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलचं उद्घाटन झालं. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिथे कंपन्यांनी माहिती टाकायची, पत्ते टाकायचे. मिळते का किल्ली? नाही मिळत. आपल्याकडची सगळी चर्चा स्क्रू, स्क्रीन आणि सुट्या भागांवर अडकली आहे. सुटा भाग हातात आहे, बसलाही आहे, आणि फर्मवेअर म्हणतंय चालणार नाही, या आजाराचं नावही त्या चर्चेत येत नाही.

हा आजार लॅपटॉपपुरता नाही, म्हणून ज्यांना संगणकात रस नाही त्यांनीही लक्ष द्यावं. अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरचं हेच झालं. भाग बदलला तरी कंपनीच्या माणसाने सॉफ्टवेअरमधून मान्यता दिल्याशिवाय ट्रॅक्टर चालेना. ऐन सुगीत शेतकरी वाट बघत बसायचे, काही जण वैतागून बदललेलं सॉफ्टवेअर वापरायला लागले. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीचा कायदा केला. ओरेगॉनने २०२४ मध्ये थेट या जोडकुलपावरच बंदी आणली, म्हणजे भाग खरा असूनही सॉफ्टवेअरने नाकारायचा हा प्रकार तिथे नव्या उपकरणांत चालणार नाही. आपल्याकडचे ट्रॅक्टर अजून पान्याने खुलतात म्हणून आपण निवांत आहोत. अजून.

आणि आपल्या देशात असं काही होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांना ऑगस्ट २०१४ आठवून देतो. स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण काय? बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि गाडीतला बिघाड शोधायची साधनं मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते वेगळं. पण तत्त्व आयोगाने लिहून ठेवलंय, विकून झाल्यावर दुरुस्तीची वाट अडवणं म्हणजे बाजार अडवणं. मोटारीला लागू असलेलं तत्त्व लॅपटॉपच्या चिपशी येऊन का थांबतं?

आता गावातलं. आमच्या भागातल्या एका शाळेत संगणक कक्षातली अकरा मशीनं एका भिंतीला रचून ठेवलीत. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार आहे. निर्लेखन हा सरकारी शब्द, अर्थ एवढाच की रजिस्टरमधून नाव कमी करायचं आणि भंगारवाल्याला बोलवायचं. मी जाऊन पाहिलं, त्यातली नऊ सुरू होतात. कारण विचारलं तर "विंडोज चालत नाही." केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात, मुलं तिथे शिकून बाहेर पडतात, नोकऱ्या करतात. आपल्या पोरांचं मात्र विंडोज ११ वाचून अडतं. अकरा नव्या मशीनांच्या खरेदीत कुणाचं काय आहे ते मी इथे लिहीत नाही, पुरावा हातात आला की बातमीत लिहीन.

डीटीपीवाल्यांची अडचण मात्र खरी आहे. ज्यांचं सगळं काम पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टांवर चालतं त्यांना लिनक्सवर जा म्हणणं म्हणजे दुकान बंद कर म्हणण्यासारखं. त्यांनी थांबावं, पण ते मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवावं. बाकी टाइप, मेल, ऑनलाइन अर्ज, व्हिडिओ एवढीच कामं असलेल्या माणसाने नवं मशीन घेण्याआधी दहादा विचार करावा. ज्या घरात बारावीच्या पोरीसाठी लॅपटॉप घ्यायला सोसायटीचं कर्ज काढतात, त्या घरात सात-आठ हजारांचा चांगला चालणारा जुना लॅपटॉप म्हणजे चेष्टा नाही.

सरकारकडे मागायचं काय, तर फार मोठं काही नाही. कंपनीने ज्या दिवशी एखाद्या मॉडेलचे सुरक्षा अपडेट थांबवले, त्या दिवसापासून मालकाला फर्मवेअर बदलण्याची सोय तिने द्यायची. किल्ली द्या किंवा कुलूप उघडणारं शेवटचं अपडेट द्या, कसं ते तुम्ही ठरवा. विकतानाच खोक्यावर छापा की यात कुठले भाग सॉफ्टवेअरने बांधलेत आणि अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळतील. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापतात, १० पैकी किती ते. आपल्याकडेही दुरुस्ती निर्देशांकाची चर्चा सुरू आहे. त्यात फर्मवेअरचं कुलूप मोजलं गेलं नाही तर तो निर्देशांक स्क्रू मोजण्यापुरताच राहील. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, उत्पादकाने कचरा गोळा करायची जबाबदारी घ्यायची. कचरा झाल्यावरची जबाबदारी झाली ही, चालतं यंत्र कचरा ठरवणाऱ्याची जबाबदारी कुठल्या नियमात आहे? २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातलं आहे, माझं नाही.

माहिती अधिकारात मी अर्ज टाकलाय. गेल्या तीन वर्षांत तालुक्यातल्या शाळा आणि ग्रामपंचायतींत किती संगणक निर्लेखित झाले, प्रत्येकाचं कारण काय लिहिलं, आणि त्यातले किती सुरू होत होते. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आलं की इथेच टाकतो. तोवर शाळा व्यवस्थापन समितीवर जे जे आहेत त्यांनी निर्लेखनाच्या ठरावावर सही करण्याआधी लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह घेऊन त्या खोलीत जावं आणि एकेक मशीन सुरू करून बघावं. पेनड्राइव्ह नसेल तर स्टँडसमोर या, तो मुलगा भरून देतो, पैसे घेत नाही.